पत्रकार लोकमान्य

रत्नागिरीच्या टिळक आळीत एक जुने कौलारू घर आहे. २३ जुलै १८५६ रोजी बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म रत्नागिरीस झाला, त्याची आठवण हे घर देते. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. बाळ दहा वर्षांचे असताना वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंब पुण्यास आले.

जानेवारी १८८१ मध्ये टिळक, आगरकर, चिपळूणकर इत्यादी मित्रांनी ‘केसरी’ हे मराठी व ‘मराठा’ हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केले. लवकरच त्यांच्या कसोटीची वेळ आली. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होत आहे, अशी वार्ता कानी येताच या पत्रांनी दिवाण बर्वे यांच्यावर कडक टीका केली. पुराव्यादाखल मिळालेल्या काही पत्रांवर त्यांनी विश्वास ठेवला होता. परंतु ती पत्रे बनावट निघाली! टिळक व आगरकर यांनी चूक कबूल करून माफी मागितली. तरीही १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. हेतू कितीही शुद्ध असला, तरी पुरावा पारखल्यावाचून लेखणी उचलू नये, हा धडा त्यांना मोठी किंमत देऊन मिळाला.

१८९६ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. टिळकांच्या प्रेरणेने सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते खेडोपाडी हिंडले व रयतेची खरी स्थिती त्यांनी जाणून घेतली. दुष्काळासंबंधीचे सरकारचेच नियम केसरीने सोप्या भाषेत शेतकऱ्यांपुढे मांडले. आपला हक्क कोणता, हे रयतेस कळू लागले.

पुढच्याच वर्षी पुण्यात प्लेगची साथ आली. घरे तपासणाऱ्या गोऱ्या सोजिरांच्या जुलमाविरुद्ध केसरीने आवाज उठविला. त्याच वर्षी केसरीतील लिखाणाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. माफी मागून सुटका करून घ्यावी, असे काहींनी सुचविले. टिळकांनी ते साफ नाकारले आणि दीड वर्षाची सक्तमजुरी पत्करली. १९०८ साली पुन्हा केसरीतील लेखांसाठीच त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली व ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात त्यांना ठेवण्यात आले.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. चूक झाली तेव्हा त्यांनी माफी मागितली. सत्य आपल्या बाजूस आहे असे वाटले, तेव्हा मात्र तुरुंगाच्या भयानेही ते नमले नाहीत. पत्रकाराचा खरा धर्म हाच नव्हे काय?