थिओडोर बोव्हेरी: कर्करोगाचे मूळ पेशीत शोधणारा शास्त्रज्ञ

थिओडोर बोव्हेरी यांचा जन्म १८६२ साली जर्मनीतील बाम्बर्ग येथे झाला. ते प्राणिशास्त्रज्ञ होते. रुग्णांवर उपचार करणे हे त्यांचे काम नव्हते. १८९३ पासून अखेरपर्यंत ते व्युर्झबुर्ग विद्यापीठात प्राध्यापक होते. इटलीतील नेपल्सच्या सागरी प्रयोगशाळेत त्यांनी सी-अर्चिन या काटेरी समुद्री जीवाच्या अंड्यांवर प्रयोग केले. एका अंड्यात दोन शुक्राणू शिरले, की गुणसूत्रांची वाटणी विषम होते आणि पेशींची वाढ बिघडते, हे त्यांनी दाखवले. त्यांच्या पत्नी मार्सेला याही जीवशास्त्रज्ञ होत्या.

१९१४ मध्ये बोव्हेरी यांनी कर्करोगावर छोटे पुस्तक लिहिले. गाठ एकाच पेशीपासून सुरू होते, त्या पेशीच्या गुणसूत्रांत बिघाड झालेला असतो, काही घटक वाढीला चालना देतात तर काही तिला लगाम घालतात, असे त्यांनी मांडले. तेव्हा हा केवळ तर्क होता. १९१५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे १९२९ मध्ये मार्सेला यांनी केलेला इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला.

स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणी अहवालात आज हेच दोन प्रकार दिसतात. 'टीपी-५३' हे लगाम घालणारे जनुक आहे. ते बिघडले तर आजार बरेचदा जास्त आक्रमक असतो. 'हर-टू' हे चालना देणारे जनुक. त्याच्या जादा प्रती असलेली गाठ पूर्वी फार धोक्याची मानली जाई. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या औषधाला मंजुरी मिळाली आणि हे चित्र पालटले; ज्या बदलाची भीती होती, त्यावरच नेमका उपचार करता येऊ लागला. म्हणून अहवालातील एका जनुकाच्या नावावरून पुढचे सगळे ठरत नाही. आजाराची स्टेज, काखेतील गाठी, हार्मोन रिसेप्टर आणि उपलब्ध उपचार हे सर्व मिळून अंदाज बांधला जातो.

आजार मुलीलाही होईल का, ही चिंता अनेक घरांत असते. गाठीतील बहुतेक बदल त्या पेशीतच, आयुष्यात पुढे केव्हातरी घडलेले असतात. ते मुलांकडे जात नाहीत. 'बीआरसीए'सारख्या जनुकांतील काही बदल मात्र आनुवंशिक असू शकतात. त्यासाठी रक्ताची किंवा लाळेची वेगळी तपासणी करतात. अहवालातील बदल फक्त गाठीत आहे की जन्मजात आहे, आणि त्यावर औषध आहे का, हे दोन प्रश्न आपल्या कर्करोगतज्ज्ञांना जरूर विचारा.