मारिया सिबिला मेरियन

मारिया सिबिला मेरियन (२ एप्रिल १६४७ – १३ जानेवारी १७१७) या जर्मन चित्रकार व कीटकांच्या अभ्यासक होत्या. अंडी, सुरवंट, कोष आणि फुलपाखरू या अवस्था त्या त्या कीटकाच्या खाद्यवनस्पतीसह एकाच चित्रात दाखवण्यासाठी त्या प्रसिद्ध आहेत. जोहाना हेलेना (जन्म १६६८) आणि डोरोथिया मारिया (जन्म १६७८) या त्यांच्या दोन्ही मुलीही चित्रकार होत्या. आईच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या काही चित्रांत मुलींचा वाटा किती, हा प्रश्न अभ्यासकांपुढे अजूनही आहे.

पूर्वायुष्य

मेरियन यांचा जन्म फ्रँकफुर्ट येथे झाला. वडील मॅथेउस मेरियन हे नामांकित कोरीव चित्रकार व प्रकाशक होते. ते १६५० मध्ये वारले. आईने पुष्पचित्रकार याकोब मारेल यांच्याशी पुनर्विवाह केला व मेरियन यांना चित्रकलेचे धडे सावत्र वडिलांकडून मिळाले. तेराव्या वर्षीच त्यांनी रेशमाचे किडे पाळून निरीक्षणास आरंभ केला. किडे चिखलातून वा कुजक्या पदार्थांतून आपोआप उपजतात, असा समज त्या काळी सर्रास होता. १६६५ मध्ये चित्रकार योहान आंद्रेआस ग्राफ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सुरवंटांवरील त्यांच्या ग्रंथाचे पहिले दोन भाग १६७९ व १६८३ मध्ये निघाले. प्रत्येकात ५० चित्रे होती. पुढे पतीपासून वेगळ्या होऊन त्या वृद्ध आई व मुलींसह फ्रीसलंडमधील एका धार्मिक वसाहतीत राहिल्या आणि आईच्या निधनानंतर, १६९१ मध्ये, मुलींना घेऊन ॲमस्टरडॅमला आल्या. चित्रांची व कीटकांच्या नमुन्यांची विक्री हा त्यांच्या उपजीविकेचा आधार होता.

सुरिनाम

१६९९ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, मेरियन डोरोथियासह दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या डच वसाहतीत गेल्या. मायलेकींनी तेथे अळ्या गोळा केल्या, पाळल्या आणि त्यांची रूपांतरे टिपली. ऊसमळ्यांवरील गुलाम स्त्रियांकडून मिळालेली माहितीही मेरियन यांनी नोंदवली. आपल्याकडे अंगणात फुलणाऱ्या शंकासुराच्या बिया गर्भपातासाठी वापरल्या जात. आपले मूल गुलाम म्हणून जन्मू नये, हे त्यामागचे कारण त्या स्त्रियांनीच सांगितले होते. आजारपणामुळे १७०१ मध्ये परतावे लागले. या प्रवासावरील ६० चित्रांचा ग्रंथ १७०५ मध्ये लॅटिन व डच भाषांत प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर नाव एकट्या आईचे आहे.

मुली आणि चित्रांचे कर्तृत्व

तिघींनी जलरंगांत, चर्मपत्रावर आणि बहुधा त्याच विषयांवर काम केले. स्वाक्षरी नसलेले चित्र कोणाचे, हे त्यामुळे सहज ठरत नाही. जोहानाच्या स्वतःच्या स्वाक्षरीचा फुलांचा चित्रसंग्रह जर्मनीतील ब्राउनश्वाइगच्या संग्रहालयात आहे. तो नसता तर तिची शैली ओळखणे आणखी अवघड झाले असते. जोहाना १७११ मध्ये पतीसह सुरिनामला गेली.

सुरवंटांच्या ग्रंथाचा तिसरा भाग आईच्या निधनाच्या वर्षीच डोरोथियाने प्रकाशित केला. त्यानंतर ती पती गेओर्ग ग्सेल यांच्यासह सेंट पीटर्सबर्गला गेली. आईची अनेक चित्रे रशियाचा झार पीटर याच्यासाठी आधीच खरेदी झाली होती. तेथील विज्ञान अकादमीत डोरोथियाने १७४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चित्रकार म्हणून काम केले. तिची मुलगी सालोमे ही गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांची दुसरी पत्नी होय.