पंडिता रमाबाई आणि त्यांनी पाहिलेली अमेरिका

आपल्या बुऱ्हाणपूरला परदेशी पाहुणे नवीन नाहीत. सन १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो येथे येऊन शाहजादा परवेज यास भेटला. सन १६४१ मध्ये तावर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या येथून गेला व येथल्या तलम कापडाविषयी लिहून गेला. ते आले, त्यांनी पाहिले, लिहिले, आणि आपले गाव तेव्हा कसे होते हे आज आपण त्यांच्या पुस्तकांतून वाचतो. या अंकात आम्ही याच्या उलट दिशेने गेलेल्या एका मराठी विदुषीचा परिचय करून देत आहोत. त्या पाश्चात्त्य देशांत गेल्या, तेथील समाज त्यांनी डोळसपणे पाहिला व आपल्या लोकांसाठी मराठीत लिहून ठेवला. त्यांचे नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकवले. त्या काळी हा अपराधच समजला जाई. पुढे याच आईने रमाबाईंना शिकवले. कुटुंबाची सारी वर्षे तीर्थयात्रेत गेली. देवळात पुराण सांगायचे, मिळेल त्यावर निर्वाह करायचा आणि पुढच्या क्षेत्री निघायचे, असा क्रम होता. जवळचा पैसा दानधर्मात संपला. दक्षिणेतील दुष्काळात १८७४ च्या सुमारास आधी वडील, मग आई व त्यानंतर काही महिन्यांत थोरली बहीण वारली. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, हजारो मैल पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली व तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

यानंतरची चार वर्षे फार वेगाने गेली. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने गेले. तेवीस वर्षांच्या रमाबाई तान्ही मुलगी घेऊन पुण्यास आल्या व तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे, अशी मागणी त्यांनी हंटर आयोगापुढे केली. आपणही डॉक्टर व्हावे या इच्छेने त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. परंतु कानांचा दोष आड आला व डॉक्टर होणे जमले नाही. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

या ठिकाणी थांबून एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आम्हास आवश्यक वाटते. या धर्मांतरामुळे अनेक मराठी घरांतून रमाबाईंचे नाव घेणे बंद झाले, आणि त्याबरोबर त्यांची पुस्तकेही कपाटाबाहेर गेली. आपल्या समाजातही काही वडीलधाऱ्यांना हे नाव आज शाळेच्या पत्रिकेत पाहून आश्चर्य वाटेल. त्यांच्या धर्माविषयी ज्याने त्याने आपले मत ठेवावे. पण त्या निमूटपणे कोणाचेही ऐकणाऱ्या नव्हत्या, हेही पाहिले पाहिजे. ज्या इंग्रज धर्मभगिनींकडे त्या राहिल्या, त्यांच्याशीही धर्ममतांवरून त्यांनी पत्रांतून बराच वाद घातला. शाकाहार सोडला नाही. पुण्यात शास्त्र्यांपुढे ज्या बाईंनी मान तुकवली नाही, तिने इंग्लंडात बिशपांपुढेही तुकवली नाही. तीच नजर घेऊन त्या अमेरिकेस गेल्या.

निमित्त डॉ. आनंदीबाई जोशी यांचे झाले. आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळणार होती. त्या समारंभासाठी रमाबाई फेब्रुवारीत लिव्हरपूलहून बोटीने निघाल्या. इरादा थोड्या दिवसांचा होता, राहणे जवळजवळ तीन वर्षे झाले. या काळात त्या गावोगाव फिरल्या, व्याख्याने दिली, शाळा पाहिल्या. लहान मुलांना खेळातून शिकवण्याची किंडरगार्टन पद्धत त्यांनी तेथे बसून शिकून घेतली. आपल्या शाळेतील बालवाडीच्या ताईंनी हे अवश्य लक्षात घ्यावे. हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी १८८७ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याच्या हजारो प्रती खपल्या आणि बोस्टन शहरात त्यांच्या नावाने मंडळ स्थापन होऊन दहा वर्षे मदत देण्याचे ठरले. १८८८ च्या अखेरीस त्या सॅन फ्रान्सिस्कोहून जपानमार्गे निघाल्या व फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईस उतरल्या.

त्याच वर्षी त्यांचे मराठी पुस्तक निघाले, ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. नावातच लोकस्थिती आधी आणि प्रवास नंतर आहे. समुद्रप्रवासाचे वर्णन त्यात आहे, परंतु पुस्तकाचा मोठा भाग तेथील राज्यकारभार, घरसंसार, शिक्षण, धर्मपंथ, दानधर्म, उद्योग आणि स्त्रियांची स्थिती यांवर खर्च झाला आहे. राजा नसलेला देश कसा चालतो, हे त्यांनी राणी व्हिक्टोरियाच्या प्रजेला समजावून सांगितले. स्त्रिया स्वतःच्या संस्था काढतात, सभा चालवतात, पैशाचा हिशेब ठेवतात, याचे त्यांना फार अप्रूप वाटले.

मात्र हे केवळ कौतुकाचे पुस्तक नाही. मूळच्या रहिवाशांना, ज्यांना तेव्हा रेड इंडियन म्हणत, गोऱ्यांनी कसे वागवले हे त्यांनी परखडपणे लिहिले. गुलामगिरी कायद्याने संपली तरी काळ्या लोकांविषयीचा तिरस्कार गेलेला नाही, हेही त्यांनी नोंदवले. जातिभेद सोसलेल्या माणसाला दुसऱ्याचा भेद लवकर दिसतो, असे आम्हास वाटते. टोपीवर मेलेले पक्षी लावून मिरवणाऱ्या तेथील स्त्रियांच्या फॅशनवरही त्यांनी कोरडे ओढले आहेत. इतक्या शिकलेल्या स्त्रियांना देशाच्या निवडणुकीत मत देता येत नव्हते. तो हक्क देशभर १९२० मध्ये मिळाला, तेव्हा रमाबाई हयात होत्या. तरीही पुस्तकात अमेरिकेची स्तुती काही ठिकाणी जरा जास्त झाली आहे, असे आमचे मत आहे. ज्या घरी पाहुणचार आणि मदत मिळाली, त्या घराविषयी लिहिताना लेखणी थोडी मऊ होतेच.

त्याच काळात पश्चिमेत सहलींचा मोठा व्यापार उभा राहत होता. थॉमस कुक यांनी १८४१ मध्ये इंग्लंडात रेल्वेने एक सामूहिक सहल नेली. त्यातून पुढे अशी कंपनी झाली की तिकीट, गाडी, हॉटेल व पाहण्याची स्थळे सर्व आधीच ठरलेले असे. जॉन अरी या इंग्रज समाजशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये पर्यटकाच्या नजरेवर एक ग्रंथ लिहिला. पर्यटक काय पाहणार हे त्याच्या आधीच ठरलेले असते, चित्रे, जाहिराती आणि पुस्तके त्याची नजर घडवतात, असा त्यांचा विषय आहे. ताजमहाल पाहायला येणारा पाहुणा ताजमहाल आधीच मनात घेऊन येतो. मुमताज महलचा मृत्यू १६३१ मध्ये बुऱ्हाणपुरात झाला आणि तिचे पहिले दफन तापीपलीकडे झैनाबादेस झाले, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असते? रमाबाईंच्या हाती अमेरिकेची अशी ठरलेली यादी नव्हती. त्या शाळा, दवाखाने, आश्रम पाहत गेल्या, कारण परत येऊन त्यांना तेच उभे करायचे होते.

ते त्यांनी लगेच केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. विधवा मुलींसाठी ही शाळा व निवास होता व पुढच्या वर्षी तो पुण्यास गेला. मुली त्यांच्या प्रार्थनेस बसतात यावरून १८९३ मध्ये मोठा वाद झाला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही दूर झाले. पालकांची शंका अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. पण याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला आणि महर्षी कर्व्यांच्या पुढील कार्यात त्या बरोबरीने राहिल्या, हेही खरे आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात आल्या. आपला निमाड जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. वीस वर्षांपूर्वी स्वतः दुष्काळात उपाशी फिरलेल्या या बाईंनी येथून शेकडो निराधार मुली व स्त्रिया पुण्याजवळ केडगावला नेल्या. तेथील मुक्ती सदनात त्यांना लिहिणे-वाचणे, शेती, विणकाम शिकवले गेले, छापखानाही मुलींनीच चालवला. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले. १९२१ मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथेच रमाबाईंचे निधन झाले. अमेरिकेवरचे त्यांचे मराठी पुस्तक मीरा कोसंबी यांनी २००३ मध्ये इंग्रजीत आणले व ते अमेरिकेतच प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्यांच्याविषयी लिहिले होते, त्यांच्या हाती ते एकशे चौदा वर्षांनी पडले.