साताऱ्याहून परत आलेला मुलगा

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे आपल्या कार्यवाह बाईंनी सांगितले, तेव्हा मी चटकन हो म्हटले नाही. त्या आठवड्यात माझे चित्तच ठिकाणावर नव्हते. आमच्या धाकट्याचा दहावीचा निकाल लागला होता. एकंदर ५१ टक्के, गणितात ३८. शेजारणीच्या मुलीला ९३ मिळाले होते आणि तिचे पेढे आमच्या ओट्यावर तसेच पडून होते. मी त्याला नको ते बोलले. तुझ्यामुळे चारचौघींत मान खाली घालायची वेळ आली, असे काहीसे. तो उलट बोलला नाही. चपला घालून धरणाच्या बाजूला निघून गेला, तो दिवेलागणीनंतर चिंब भिजून परतला. पुढे कित्येक दिवस घरात दोघांचे बोलणे जेवायला वाढण्यापुरतेच होते.

अशा वेळी मी महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे आत्मवृत्त वाचायला घेतले. आपल्या मंडळाच्या भिंतीवर त्यांची तसबीर आहे, तिला दरवर्षी आपण हार घालतो. परंतु तसबिरीतले ते पांढऱ्या दाढीचे आजोबा एके काळी परीक्षेच्या दारातून परत पाठवलेला मुलगा होते, हे मी तरी विसरले होते.

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे झाला. बालपण मुरूडला गेले. मुरूड म्हणजे दापोलीजवळचे, जंजिऱ्याचे नव्हे. घरची गरिबी. १८७५ साली मराठी सहावीची सरकारी परीक्षा द्यायला हा मुलगा साताऱ्यास निघाला. मुरूडपासून सातारा सुमारे ११० मैल, आणि मध्ये सह्याद्री. आपण भुशीच्या बायका. घाटातला पाऊस काय असतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. इथून पुण्यास चालत जावे, परत यावे आणि पुन्हा पुण्याची वाट धरावी, एवढे ते अंतर! तो पायी, पावसात घाट चढून साताऱ्यास पोचला. परीक्षेला १७ वर्षांची अट होती. याला १७ पूर्ण झाली होती, पण अंगाने किरकोळ. तू १७ वर्षांचा दिसत नाहीस, म्हणून साहेबांनी त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. नापास होणे तरी एक वेळ बरे. इथे पेपरच हाती आला नाही.

मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले. तो मुलगा तेवढीच वाट परत चालून घरी आला असेल. उंबऱ्याशी त्याची आई उभी असेल. त्या जागी मी असते, तर काय बोलले असते? मला माझेच शब्द आठवले आणि पुढचे पान उलटवेना.

पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन त्याने ती परीक्षा दिली आणि पार केली. त्यानंतर इंग्रजीचा अभ्यास, मध्येच आजारपण, मग मुंबई. मॅट्रिक झाला तो १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. तोवर लग्न होऊन आठ वर्षे झाली होती! पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली बी. ए.; विषय गणित. आता खरे सांगायचे, तर कर्वे काही ढ नव्हते, गणित त्यांचे पक्के होते. आमच्या ३८ मार्कांची त्यांच्याशी बरोबरी करण्याइतकी मी भोळी नाही. पण उशीर झाला म्हणून मुलगा वाया गेला, हा हिशेब त्यांच्या बाबतीत साफ चुकला असता.

१८९१ साली पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे आपल्या बाया कर्व्यांशी, पुनर्विवाह केला. गावाने बहिष्कार घातला. बाया बालविधवा. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात त्या खऱ्या अर्थाने शिकू लागल्या, तेव्हा विशी उलटून गेली होती. कोणत्या इयत्तेत किती मार्क, हे त्यांना कोणी विचारले असेल काय? पुढे त्यांनी आश्रमासाठी वर्गणी गोळा केली, आल्यागेल्याचे केले, आणि ‘माझे पुराण’ हे स्वतःचे चरित्रही लिहिले.

१८९६ साली विधवांसाठी आश्रम निघाला, तो पुढे हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. दिवसभर कॉलेजात शिकवून कर्वे संध्याकाळी चिखल तुडवीत हिंगण्यास चालत जात, आणि सकाळी परत शहरात. चालण्याची सवय साताऱ्यापासूनची! १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले. १९२० साली ठाकरसी शेठजींनी १५ लाखांची देणगी दिली. हे सारे आपल्या मुलींच्या पुस्तकात आहे, म्हणून पुन्हा सांगत नाही. मला जास्त नवल वाटले ते पुढचे. १९३६ साली, ७८ व्या वर्षी, त्यांनी शाळाच नसलेल्या खेड्यांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले.

आणखी एक गोष्ट मला विशेष लागून राहिली. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ १८९९ साली मॅट्रिकला पहिले आले. बाप तेविसाव्या वर्षी मॅट्रिक, मुलगा सतराव्या वर्षी पहिला! केवढे पेढे वाटले गेले असतील. पण त्याच रघुनाथरावांना संततिनियमनाचा उघड पुरस्कार केल्याबद्दल प्राध्यापकी सोडावी लागली. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी १९२७ पासून अखेरपर्यंत चालवले. कोर्टकचेऱ्या सोसल्या, पैसा उरला नाही. १९५३ साली ते गेले, तेव्हा वडील हयात होते. पहिल्या नंबराने त्यांच्या वाटेतला एकही दगड बाजूला झाला नाही.

१९५८ साली अण्णांना शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले.

एका रात्री मी साताऱ्याचे ते पान उघडून धाकट्याच्या उशाशी ठेवले. बोलायला तोंड नव्हते. सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. एवढे चालून गेल्यावर परत पाठवले, तर त्याला साहेबांचा राग आला नसेल का, असे त्याने विचारले. मी म्हटले, मला माझाच राग आला आहे. तो काही बोलला नाही, पण त्या दिवशी ताटावरून लवकर उठला नाही.

त्याला लहानपणापासून यंत्रे खोलायची हौस. मंडळाच्या सभागृहातला पंखा दोनदा त्यानेच सुरू करून दिला, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. तेव्हा मी मात्र अभ्यास सोडून उद्योग करतो म्हणून रागावले होते. आय. टी. आय. मध्ये फिटरचा अर्ज भरायला या वेळी मी त्याच्याबरोबर गेले. येताना बाजारात उतरून अर्धा किलो पेढे घेतले. दीड महिना उशिराने का होईना, शेजारणीच्या घरी ते तोच देऊन आला.