जॉन वेस्ली यांचे चार चमचे

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकीं कित्येकांस निरनिराळीं फाउंटन पेनें जमविण्याचा नाद असतो. हा नाद मुळांत वाईट नव्हे. सुंदर वस्तूचें कौतुक वाटणें हा मनुष्यस्वभावच आहे. परंतु नवें पेन हातीं येतांच दुकानांतील दुसऱ्या पेनाकडे डोळे लागावेत व खिशांतलें फिकें वाटूं लागावें, असें झालें म्हणजे धनीच आपल्या वस्तूंचा चाकर होतो. पुरे हा शब्द केव्हां उच्चारावा हें ज्यांस उत्तम कळलें होतें, अशा एका थोर पुरुषाचें हें अल्प चरित्र आहे.

मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांचा जन्म १७०३ सालीं इंग्लंडांतील एपवर्थ या गांवीं झाला. वडील तेथील धर्मोपदेशक होते. कुटुंब मोठें व प्राप्ति तुटपुंजी. कर्जापायीं वडिलांस १७०५ सालीं तुरुंगवासही घडला. १७०९ सालीं घरास आग लागली. पांच वर्षांचा जॉन माडीवर अडकला होता. लोकांनीं एकमेकांच्या खांद्यांवर चढून त्याला खिडकींतून बाहेर काढलें. चीजवस्त जळून खाक झाली, पण मुलें सर्व वांचलीं.

ऑक्सफर्ड येथें विद्याभ्यास करून १७२६ सालीं ते लिंकन कॉलेजचे फेलो झाले. तेथें असतां त्यांनीं आपल्या खोलीच्या भिंती चित्रांनीं सजविल्या. पुढें कडाक्याच्या थंडींत एके दिवशीं, ते व त्यांचे मित्र गरिबांसाठीं चालवीत असलेल्या शाळेंतील एक मुलगी त्यांच्याकडे आली. तिच्या अंगावर एका पातळ वस्त्रावांचून कांहीं नव्हतें. वेस्लींनीं खिशांत हात घातला, तों खिसा जवळजवळ रिकामा! जो पैसा या मुलीच्या अंगावर ऊब होऊन राहिला असता, तो आपल्या भिंतींवर टांगला आहे, हा विचार त्यांच्या काळजास झोंबला. ही गोष्ट म्हातारपणींही ते विसरले नाहींत.

ऑक्सफर्डमधील एका तरुणाचा हिशेब त्यांनीं एका प्रवचनांत सांगितला आहे. तो तरुण म्हणजे ते स्वतःच, असें मानलें जातें. पहिल्या वर्षीं त्याची प्राप्ति ३० पौंड होती. २८ पौंडांत निर्वाह करून त्यानें २ पौंड दान केले. पुढें प्राप्ति ६०, ९० व १२० पौंड अशी वाढत गेली, पण खर्च २८ पौंडांवरच राहिला. दान मात्र ३२, ६२ व ९२ पौंड झालें.

१७३९ सालापासून ते उघड्या मैदानांत उपदेश करूं लागले. पुढील पन्नास वर्षांत त्यांनीं सुमारें अडीच लक्ष मैल प्रवास केला, त्यांतील बराचसा घोड्यावरून. त्या काळीं पिसाच्या लेखणीनें लिहीत. तशा लेखणीनें त्यांनीं शेंकडों लहानमोठीं पुस्तकें लिहून व संपादून स्वस्त किंमतींत प्रसिद्ध केलीं. त्यांपासून झालेलें उत्पन्न त्यांनीं दानधर्मांत व सत्कार्यांत वेंचलें. मात्र ते वैरागी नव्हते. ग्रंथांवर त्यांचें प्रेम इतकें, कीं घोड्यावर बसूनही ते वाचीत. उपयोगाची वस्तु त्यांनीं आनंदानें वापरली. केवळ मिरविण्याची वस्तु त्यांस नको होती.

१७७६ सालीं चांदीच्या भांड्यांवरील कराचा प्रश्न निघाला. इतक्या प्रसिद्ध पुरुषाच्या घरीं पुष्कळ चांदी असावी, असें अधिकाऱ्यांस वाटलें व त्यांनीं पत्र पाठविलें. वेस्लींनीं उत्तर दिलें कीं, माझे चांदीचे दोन चमचे लंडनला आहेत व दोन ब्रिस्टलला; भोंवतालच्या इतक्या लोकांस भाकर मिळत नसतां मी आणखी घेणार नाहीं.

१७९० सालीं, लिहितांना हात थरथरूं लागला तेव्हां, त्यांनीं आपली जमाखर्चाची वही बंद केली. २ मार्च १७९१ रोजीं लंडन येथें त्यांचें देहावसान झालें. आपली शवपेटी सहा गरीब माणसांनीं वाहावी व त्यांस सहा पौंड वांटून द्यावे, असें त्यांनीं मृत्युपत्रांत लिहून ठेविलें होतें.

बालमित्रहो, आवडतें पेन अवश्य जपा. तें धुवा, पुसा, त्यानें सुंदर अक्षर काढा. परंतु पेटींत चार पेनें निजलेलीं असतां शेजारचा सोबती मोडक्या पेन्सिलीनें निबंध लिहीत असेल, तर एकदां वेस्लींच्या त्या भिंतीची आठवण करा. जें हातीं आहे त्यांत समाधान मानणारासच देण्यासारखें कांहीं उरतें.