दाबाला वेसण घालणारे जॉन ब्राउनिंग

बेल्जियममधील लीज शहराला लागून असलेल्या हेर्स्टाल गावी ‘फाब्रिक नॅसिओनाल’ हा प्रसिद्ध शस्त्रकारखाना आहे. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी याच कारखान्यात जॉन मोझेस ब्राउनिंग यांचे हृदयविकाराने निधन झाले. ते ७१ वर्षांचे होते आणि एका नव्या पिस्तुलाचे काम त्यांच्या हाती होते. १२८ पेटंटे नावावर असलेल्या या अमेरिकी कारागिराने बंदुकांचे जग पालटून टाकले. मात्र अधिक जोरदार शस्त्र घडवण्यापेक्षाही दारूच्या स्फोटाचा दाब चालवणाऱ्यावर उलटू न देता त्याच दाबाकडून काम करून घेणे, हे त्यांचे मोठे कर्तृत्व होते. या दाबाला मर्यादा असते, याची आठवण त्यांच्या पिस्तुलांनी त्यांच्या मृत्यूनंतरही करून दिली.

ब्राउनिंग यांचा जन्म जानेवारी १८५५ मध्ये अमेरिकेतील युटा प्रांतातील ऑग्डेन येथे झाला. वडील जोनाथन हे मॉर्मन पंथाचे अनुयायी आणि बंदूक कारागीर होते. वडिलांच्या दुकानातील मोडक्या सुट्या भागांशी खेळतच जॉन मोठे झाले. शालेय शिक्षण बेताचेच झाले. पण धातू किती ताण सोसतो, हे त्यांच्या हातांना पक्के ठाऊक झाले होते. १८७९ मध्ये त्यांना एकबारी रायफलीचे पहिले पेटंट मिळाले. चार वर्षांनी विंचेस्टर कंपनीने या रायफलीचे हक्क विकत घेतले आणि ऑग्डेनच्या या कारागिराची कीर्ती देशभर पसरली.

१८८९ च्या सुमारास नेमबाजीच्या वेळी एक साधी गोष्ट त्यांच्या नजरेस पडली. गोळी सुटली की नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूच्या झोताने समोरचे गवत आडवे होत असे. वाया जाणारी ही शक्ती बंदूक पुन्हा भरण्यासाठी का वापरू नये, हा विचार तेथून त्यांच्या डोक्यात घोळू लागला. त्यातून आधी मशीनगन आणि पुढे अर्धस्वयंचलित पिस्तूल जन्माला आले. २० एप्रिल १८९७ या एकाच दिवशी त्यांना पिस्तुलांची चार पेटंटे मिळाली. आजच्या बहुतेक पिस्तुलांचे मूळ या कागदांत सापडते.

पिस्तुलातील काडतुसाची दारू पेटली की क्षणार्धात प्रचंड दाब तयार होतो. पितळेचे पातळ टोपण फुगून नळीच्या भिंतीला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. हा दाब ओसरण्यापूर्वीच टोपण बाहेर खेचले गेले, तर ते फाटून तप्त वायू आणि धातूचे तुकडे हातावर व तोंडावर उडू शकतात. म्हणूनच मागचा भाग नेमका कधी उघडावा, हा सारा प्रश्न होता.

ब्राउनिंग यांनी त्याची दोन उत्तरे दिली. कमी दाबाच्या काडतुसासाठी जड स्लाइड आणि मजबूत स्प्रिंग पुरेशी असते. स्लाइडला मागे सरकायला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्यात गोळी नळीबाहेर पडलेली असते. फाब्रिक नॅसिओनालने बाजारात आणलेले १९०० चे .३२ बोअरचे पिस्तूल याच तत्त्वावर चालते. भारतातील अनेक परवानाधारकांच्या परिचयाचे .३२ बोअरचे काडतूस हीदेखील ब्राउनिंग यांचीच देणगी आहे. सारायेव्हो येथे १९१४ मध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजांवर झाडण्यात आलेले पिस्तूलही याच पद्धतीचे, त्यांनीच घडवलेले होते.

अधिक दाबाच्या काडतुसाला मात्र हा उपाय पुरत नाही. त्यासाठी त्यांनी नळी आणि स्लाइड यांना खाचांमध्ये एकमेकांत अडकवले. गोळी सुटल्यावर दोन्ही जोडीने थोडे अंतर मागे जातात. दाब उतरला की नळी खाली झुकते, सांधा सुटतो आणि स्लाइड एकटी मागे जाते. कोल्ट कंपनीच्या १९०० च्या .३८ बोअरच्या पिस्तुलात ही रचना प्रथम बाजारात आली.

या पहिल्या रचनेत एक धोका होता. स्लाइड पुढच्या बाजूच्या एका आडव्या पाचरीच्या आधाराने जागेवर राहत असे. ही पाचर तुटली किंवा बसवायची राहिली, तर स्लाइड थेट चालवणाऱ्याच्या तोंडावर येण्याची भीती होती. ब्राउनिंग यांनी पुढे ही रचनाच बदलली. नळीचा पुढचा दुवा त्यांनी काढून टाकला आणि स्लाइड फक्त पुढच्या बाजूनेच निघेल, अशी सांगाड्याची घडण केली. मार्च १९११ मध्ये अमेरिकी लष्कराच्या चाचणीत या .४५ बोअरच्या पिस्तुलाने सहा हजार फैरी एकदाही न अडता झाडल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस लष्कराने ते स्वीकारले आणि १९८५ पर्यंत ते तेथील अधिकृत पिस्तूल राहिले.

ब्राउनिंग यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १९२९ मध्ये, कोल्टने ‘.३८ सुपर’ हे काडतूस आणले. त्याचे माप जुन्या .३८ ऑटोचेच होते, भरणा मात्र जोरदार होता. आजच्या अमेरिकी मानकांनुसार जुन्या काडतुसाचा कमाल दाब दर चौरस इंचाला २६ हजार ५०० पौंड, तर सुपरचा ३६ हजार ५०० पौंड आहे. १९११ च्या भक्कम रचनेवर आधारलेल्या पिस्तुलाला हा दाब सोसवतो. मात्र तेच काडतूस १९०० च्या पाचरीच्या पिस्तुलातही सहज बसते. काडतूस बसले म्हणजे ते चालवण्याजोगे आहे, हा समज येथे जिवावर बेतू शकतो. दोन्हींमधील फरक ओळखू यावा म्हणून १९७४ पासून सुपरच्या टोपणाच्या तळावर ‘प्लस पी’ अशी खूण येऊ लागली.

अधिक दाबाच्या काडतुसांची ही खूण पुढे इतर मापांवरही रुळली. नऊ मिलिमीटरच्या साध्या काडतुसासाठी कमाल दाब ३५ हजार पौंड, तर प्लस पी प्रकारासाठी ३८ हजार ५०० पौंड ठरवण्यात आला आहे. असा भरणा वापरल्यास स्लाइड अधिक वेगाने मागे येते, सांगाड्यावर जास्त आघात होतो आणि स्प्रिंग लवकर थकते. त्यामुळे उत्पादकाने माहितीपुस्तिकेत स्पष्ट मुभा दिली असेल तरच ही काडतुसे वापरावीत, ती मोजकीच झाडावीत आणि स्प्रिंग वेळेवर बदलावी, असा दंडक आहे. जुन्या पिस्तुलांना ती वर्ज्यच मानली जातात. केवळ कडक स्प्रिंग घातल्याने नळीची किंवा खाचांची ताकद वाढत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते.

शेवटच्या काळात ब्राउनिंग ज्या पिस्तुलावर काम करीत होते, त्याचे पेटंट त्यांच्या पश्चात फेब्रुवारी १९२७ मध्ये मंजूर झाले. त्यांचे सहकारी द्यूदोने सेव्ह यांनी ते पूर्णत्वास नेले आणि १९३५ मध्ये ‘हाय पॉवर’ या नावाने ते बेल्जियमच्या लष्करात दाखल झाले. नळी खाली खेचणाऱ्या हलत्या दुव्याची जागा त्यात एका भक्कम उताराने घेतली. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात त्याचे उत्पादन झाले आणि पुढे त्याच धर्तीवर पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात भारतीय सैन्यासाठी नऊ मिलिमीटरचे पिस्तूल तयार होऊ लागले.

ऑग्डेनच्या त्या कारागिराने आखलेला सांधा आजही जगभरच्या पिस्तुलांत दर गोळीगणिक बंद होतो आणि उघडतो. नव्या काडतुसाचा दाब किती, याचा शोध प्रयोगशाळा घेतात. हातातले पिस्तूल तो सोसेल का, याची खातरजमा मात्र चाप ओढण्यापूर्वी चालवणाऱ्यालाच करावी लागते.