खंडकरी कवीचा हिवाळा

दर वर्षी २५ जानेवारीला स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट बर्न्सचा जन्मदिवस मेजवानीने साजरा होतो. प्रेमगीते लिहिणारा, मद्याचा शौकीन, रंगेल कवी ही त्याची प्रतिमा आपल्याकडे इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक असते. मी बँकेत शेतीकर्जाची बरीच प्रकरणे हाताळली. त्यामुळे असेल, पण त्याचे चरित्र वाचताना मला आधी दिसतो तो खंडाने जमीन कसणारा शेतकरी आणि त्याचा हिवाळा.

१७५९ साली अ‍ॅलोवे येथे, वडिलांनी स्वतः बांधलेल्या मातीच्या घरात तो जन्मला. थोड्याच दिवसांत वादळाने त्या घराची भिंत ढासळली आणि बाळ-बाळंतिणीला शेजाऱ्याकडे हलवावे लागले. १७६६ मध्ये वडिलांनी माउंट ऑलिफंट हे सुमारे सत्तर एकरांचे शेत घेतले. खंड वर्षाला ४० पौंड, शिवाय मालकाकडूनच १०० पौंडांची उचल. जमीन निकस. कित्येक वर्षे त्या घरात विकतचे मांस आले नाही.

आपला हिवाळा म्हणजे हुरड्याचे, रब्बीच्या पिकांचे दिवस. तिथे डिसेंबरातला दिवस जेमतेम सात तासांचा. शेतात हिरवे काही नाही, गुरे गोठ्यात आणि साठवलेली वैरण वसंतापर्यंत पुरवायची. ओटच्या पेंढ्या काठीने झोडपून मळणी करायची. दाणा माणसांना, पेंढा गुरांना. तेराव्या वर्षी रॉबर्ट या मळणीला उभा राहिला. गडी ठेवण्याची ऐपत नव्हती, म्हणून पंधराव्या वर्षी तोच शेतावरचा मुख्य गडी झाला. संध्याकाळी त्याचे डोके दुखे, पुढे छातीत धडधडू लागे. तशात ११ नोव्हेंबर, म्हणजे मार्टिनमस, हा स्कॉटलंडात खंड चुकता करण्याचा दिवस. मूळ मालक वारल्यावर कारभाऱ्याची धमकीची पत्रे येत आणि सारे घर रडू लागे.

१७७७ मध्ये कुटुंब लॉकलीला गेले. तिथेही खंडावरून मालकाशी वाद झाला आणि तो कोर्टात गेला. जानेवारी १७८४ मध्ये निकाल वडिलांच्या बाजूने लागला. पुढच्याच महिन्यात ते वारले. खटला जिंकला, पण माणूस आणि पैसा दोन्ही संपले होते.

मग रॉबर्ट आणि धाकटा भाऊ गिल्बर्ट यांनी मॉसगीलची ११८ एकर जमीन ९० पौंड खंडाने कसायला घेतली. पहिल्या वर्षी बियाणे खराब निघाले, दुसऱ्या वर्षी सुगी लांबली. निम्मे पीक गेले. त्याच १७८५ च्या नोव्हेंबरात नांगरताना फाळाखाली एका उंदराचे घरटे मोडले आणि बर्न्सची प्रसिद्ध कविता जन्मली. वर्गात ती भूतदयेची म्हणून शिकवतात. मला ती खंडकऱ्याची वाटते. हिवाळ्याच्या तोंडावर घर मोडणे म्हणजे काय, हे नांगरणाऱ्याला चांगले माहीत होते. उंदरावर आलेली वेळ मालकाच्या एका पत्राने त्याच्यावरही येऊ शकत होती.

१७८६ मध्ये पहिल्या संग्रहाच्या ६१२ प्रती निघाल्या आणि त्याचे नाव झाले. एडिंबराच्या आवृत्तीतून मिळालेल्या पैशांतले सुमारे १८० पौंड त्याने मॉसगील वाचवायला गिल्बर्टला उसने दिले. स्वतः १७८८ मध्ये एलिसलंडचे शेत घेतले. तेही निकस निघाले. पुढच्या वर्षी तो अबकारी खात्यात नोकरीला लागला. पगार ५० पौंड, आणि शेताचा खंडही सुरुवातीला तेवढाच! शेती सांभाळून, थंडीवाऱ्यात आठवड्याला दोनशे मैलांपर्यंत घोड्यावरून फिरणे आले. १७९१ मध्ये त्याने शेती सोडली. २१ जुलै १७९६ रोजी, अवघ्या सदतिसाव्या वर्षी तो गेला.

तो दारूने मेला, असे सुरुवातीच्या चरित्रकारांनी लिहिले. पुढे अनेक जाणकारांनी संधिवाती तापातून जडलेला हृदयविकार हे कारण मानले आणि कोवळ्या वयातल्या अतिश्रमांकडे बोट दाखवले. मला हा हिशोब जास्त पटतो. माउंट ऑलिफंटचा खंड वडिलांनी पैशांत भरला, मुलाने शरीराने.

एक नोंद मात्र समाधानाची आहे. गिल्बर्टने ते उसने पैसे बुडवले नाहीत. १८२० मध्ये, भावाच्याच कवितांच्या नव्या आवृत्तीचे काम केल्याचे मानधन मिळाले, तेव्हा त्याने रॉबर्टची विधवा जीन हिला ती रक्कम परत केली. जमिनीने बत्तीस वर्षांत जे फेडले नाही, ते कवितेने फेडले.